सतरा थाऊ

उद्यमनगरात सगळं थाऊत मोजतात.
लेथवरचं पोरगंसुद्धा सांगतं,
केस म्हणजे तीन थाऊ, मास्तर.
तुमचा आता दोनच भरंल.

बाबालाल मिस्त्रींना सतरा लागायचे.
फियाटच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून
पोस्टकार्डाचा कोपरा दुमडून
ते पॉइंटच्या फटीत सरकवायचे.
अडकायलाही नको, सुटायलाही नको,
उंबऱ्यात थांबलेल्या पाहुण्यासारखं.
मग श्वास धरून स्क्रू आवळायचा.
गेज असायचा की खिशात. पण गेजवर
कुणी काय लिहिलेलं नसतं, म्हणायचे.

अठरा वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी, हेच.

यंदा दिवाळीनंतर कार्ड फटीत जाईना.
फट तेवढीच. हात हलत होता.
स्क्रू तीनदा पडला, तिसऱ्यांदा इंजिनाखाली,
आणि आम्ही दोघं तो शोधत राहिलो
लागतो त्याहून जास्त वेळ.
वाकलेलं असलं की
एकमेकांकडं बघावं लागत नाही.

किट पुण्याहून आलं, साबणाच्या वडीएवढं खोकं.
आत एक काळा तुकडा, चुंबकांचं कडं,
दोन वायरी, लाल आणि काळी.
नात म्हणाली, मी बसवतो.
आमच्याकडच्या पोरी बसवतोच म्हणतात.
तीस वर्षं व्याकरण शिकवलं,
एवढं एक कधी सुधारलं नाही.

तरन्नुम. आयटीआय झालेली, नखांत ग्रीस.
तिनं पॉइंट काढले, कंडेन्सर काढला,
तुकडा बसवला, शाफ्टवर कडं चढवलं.
आता कशाला काय टेकतच नाही, नाना,
चुंबक नुसतं जवळनं जातंय
की ठिणगी.

मिस्त्री जुने पॉइंट तळहातावर घेऊन बसलेले.
एकावर खड्डा, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा.
ह्याचं झिजून त्याच्यावर चढलंय बघा, म्हणाले,
आणि टेकल्यावर न्हाई हं ठिणगी पडत.
सुटल्यावर पडती.
मग चहा आला.
त्यांचा कप तिनं अर्धाच भरून दिला.

टायमिंगचा दिवा पुलीवर धरला.
खडूची खूण गरगर फिरतेय
आणि उजेडात मात्र जागच्या जागी उभी,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरागत.
दहा अंश. पुस्तकात तेवढेच.
मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते.
जरा मागं घे.
नाना, दिवा दाखवतोय की.
दाखवू दे.
तिनं बोल्ट आवळला. इंजिन
गुळण्या न करता, एका लयीत.
मी पैसे दिले.

पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या चढाला,
तिसऱ्या गिअरात आवाज आला,
पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा.
कडेला घेतली. खाली ऊस,
गुऱ्हाळाचा धूर आडवा पसरलेला.
इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं,
बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्युटर मुठीत धरला.
तापलेला होता.
आयुष्यभर दुसऱ्यानं धरलेली वस्तू
पहिल्यांदा धरताना जसं होतं तसं झालं.
मागं किती? केसभर.
तीन थाऊ. नाहीतर माझे दोन.
डोळे मिटले.

एक एसटी हॉर्न वाजवत गेली, तेवढा वेळ
काहीच ऐकू आलं नाही. मग आलं.

जुने पॉइंट डिकीत आहेत, काडेपेटीत.
मिस्त्रींनीच दिले, निघताना:
हे नवं सांगून मरत न्हाई, मास्तर.
जुनं आठवडाभर खोकतं तरी.
पेटीभोवती गुंडाळलंय तेच पोस्टकार्ड,
कोपरा दुमडून दुमडून मऊ झालेला.
कुणाचं कुणाला, कळत नाही.
इकडे सर्व खुशाल, फक्त
आणि पुढं ग्रीस.